पासष्टची रेघ कुणी मारली? : वाचकांचे प्रश्न

लॉकडाऊनला पाच वर्षं उलटून गेली म्हणून मागच्या अंकात आम्ही सहज विचारलं होतं, की त्या काळातला असा कुठला प्रश्न आहे जो अजून डोक्यातून जात नाही, तर पत्रं आणि मेल मिळून ढीगच आला. त्यातल्या निम्म्याहून जास्त लोकांचं घोडं एकाच जागी अडलेलं दिसलं. सगळ्यांना सरसकट कोंडण्यापेक्षा वय आणि आजार बघून टप्प्याटप्प्याने मोकळं करता आलं नसतं का? मी आयुष्यभर मेडिकल कॉलेजात पीएसएम शिकवलं, म्हणजे सामुदायिक आरोग्य, विद्यार्थ्यांचा सगळ्यात नावडता विषय, जो २०२० मध्ये अचानक घरोघरी चर्चेला आला. त्यामुळे संपादकांनी हा ढीग माझ्याकडे सरकवला. सगळ्यांना उत्तर देणं शक्य नाही, पुन्हा पुन्हा आलेले काही प्रश्न घेतलेत, नावं दिलेली नाहीत.

प्रश्न : मॅडम, जून २०२० मध्ये मी ६८ वर्षांचा होतो. ना शुगर ना बीपी, रोज पहाटे चालायला जायचो. ६५ च्या वरच्यांनी घरातच बसायचं म्हणून सोसायटीच्या वॉचमनने मला गेटवर अडवलं. आणि माझा मुलगा, ४५ वर्षांचा, शुगर कधी ताब्यात नाही, तो रोज बसला लटकून कामाला जात होता, त्याला कुणी हटकलं नाही. हे ६५ आणलं कुठून? (निवृत्त बँक कर्मचारी, ठाणे)

काका, वॉचमनवरचा राग शंभर टक्के रास्त, मुलाचं गणित मात्र जरा वेगळं निघतं.

आधी ६५ चं बघू. वेगवेगळ्या देशांचे आकडे एकत्र करून २०२० मध्ये जो हिशोब निघाला तो असा, की लस नसताना लागण झालेल्या दर दहा हजारांमागे पंचविशीत साधारण १ मृत्यू, ५५ व्या वर्षी ४०, ६५ ला १४०, ७५ ला ४६० आणि ८५ ला दीड हजार. म्हणजे दर दहा वर्षांनी धोका तिपटीहून जास्त होतो आणि तो सलग वाढत जातो, मध्येच कुठे उडी नाही. ६४ आणि ६६ मध्ये नाव घ्यावा एवढाही फरक नाही, ६६ आणि ८६ मध्ये प्रचंड आहे, आणि नियमाने नेमकं ६६ आणि ८६ ला एका पोत्यात घातलं. कारण सोपं आहे, आधार कार्डावर जन्मतारीख असते, धोका लिहिलेला नसतो, आणि पोलिसाला किंवा वॉचमनला नाक्यावर काहीतरी एका नजरेत दिसेल असंच लागतं.

आता मुलाची शुगर. इंग्लंडमध्ये सुमारे पावणेदोन कोटी लोकांच्या रेकॉर्डवर एक मोठा अभ्यास झाला होता, त्यात बाकी गोष्टी सारख्या धरल्या तर शुगर ताब्यात असलेल्यांना मृत्यूचा धोका साधारण १.३ पट आणि ताब्यात नसलेल्यांना जवळपास दुप्पट निघाला. दुप्पट ऐकायला भयंकर वाटतं, पण वयाच्या हिशोबात बसवून बघा, दहा वर्षांत तिप्पट-साडेतिप्पट होत असेल तर दुप्पट म्हणजे झाली साडेपाच वर्षं. तुमचा ४५ चा मुलगा त्या शुगरसकट पन्नास-एक्कावन्नच्या धडधाकट माणसाएवढ्या धोक्यात होता. हा माझा कागदावरचा ढोबळ हिशोब आहे, एकेका माणसावर असा चिकटवता येत नाही, पण दिशा कळते. ६८ चे तुम्ही, कितीही चालणारे असलात तरी, लागण झाली असती तर त्याच्यापेक्षा जास्त धोक्यात होतात.

पण हे "लागण झाली असती तर" फार महत्त्वाचं आहे, आणि तुम्हाला अडवणाऱ्यांनी तेच लक्षात घेतलं नाही. पहाटे मोकळ्या रस्त्यावर एकटा चालणारा माणूस कुणाकडून काय घेणार? केंद्राच्या १ मे आणि १७ मेच्या आदेशात ६५ वरचे, आजार असलेले, गरोदर बायका आणि दहा वर्षांखालची मुलं यांनी जरुरीच्या आणि दवाखान्याच्या कामाशिवाय घरातच राहायचं असं होतं, ३० मेच्या आदेशात त्याचा नुसता सल्ला झाला. आणि महाराष्ट्रात ३ जूनपासून मिशन बिगिन अगेनमध्ये, म्हणजे टाळेबंदी टप्प्याटप्प्याने उठवायच्या राज्याच्या योजनेत, पहाटे ५ ते संध्याकाळी ७ बाहेर चालणं, धावणं, सायकल चालवणं याला परवानगी होती. म्हणजे सरकारने कडी काढली तेव्हा सोसायटीच्या कमिटीने आतून साखळी लावली, असं बऱ्याच ठिकाणी झालं. आणि याचा त्रास काही थोडाथोडका नव्हता. सत्तरीतल्या माणसाला चार-सहा महिने सोफ्यावर बसवलं की मांड्यांची ताकद जाते, मग बाथरूममध्ये पाय घसरतो, खुब्याचं हाड मोडतं, आणि तो मृत्यू कुठल्याच कोविडच्या यादीत येत नाही.

मुलगा बसने जात होता आणि संध्याकाळी तुमच्याच घरी परत येत होता, तुमचा खरा धोका तो होता. ते पुढच्या उत्तरात.

प्रश्न : तेव्हा मी २८ चा होतो, हिंजवडीत नोकरी, ती मे महिन्यात गेली. माझं म्हणणं साधं आहे, तरुणांना काही होत नव्हतं तर आम्हाला एप्रिल २०२० मध्येच सोडायचं, म्हाताऱ्यांना सांभाळायचं, सगळं चालू राहिलं असतं. मोठमोठ्या प्रोफेसरांनी पण हेच सांगितलं होतं ना? (पुणे)

सांगितलं होतं, आणि ते कुणी येरेगबाळे नव्हते. आपल्याकडे वेल्लोरचे साथरोगतज्ज्ञ जयप्रकाश मुळियिल यांनी एप्रिल २०२० मध्येच असं मत मांडलं होतं, की भारताला लांबलचक लॉकडाऊन परवडणार नाही, तरुणांना काळजी घेऊन बाहेर पडू द्या आणि वृद्धांना जपा. मग ४ ऑक्टोबर २०२० ला अमेरिकेत ग्रेट बॅरिंग्टन नावाच्या गावी हार्वर्डचे मार्टिन कुलडॉर्फ, ऑक्सफर्डच्या सुनेत्रा गुप्ता आणि स्टॅनफर्डचे जय भट्टाचार्य (पैकी दोघे मूळचे कोलकात्याचे) यांनी जाहीरनामाच काढला, की ज्यांना धोका कमी त्यांना नेहमीसारखं जगू द्या, ज्यांना जास्त त्यांना नेमकं संरक्षण द्या. त्याच महिन्यात दुसऱ्या बाजूच्या शास्त्रज्ञांनी लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात उलट पत्र छापलं, की हे धोकादायक आहे, असं वेगळं काढून जपणं जमत नाही.

मी तो जाहीरनामा तेव्हा नीट वाचला होता. वृद्धाश्रमात काय करायचं ते आहे, निवृत्त माणसांना किराणा घरपोच द्या, नातेवाइकांना शक्यतो बाहेर भेटा, हेही आहे. आणि आजी-आजोबा, मुलगा-सून, नातवंडं एकाच घरात असतील तर? त्याचीही सोय करता येईल, सविस्तर यादी करता येईल, एवढा ओझरता उल्लेख करून पुढे. आता सांगा, अमेरिकेत जी गोष्ट एका वाक्यात उरकता येते तोच आपल्याकडे अख्खा प्रश्न आहे.

वन रूम किचन डोळ्यासमोर आणा. आजोबांची कॉट खिडकीशी, रात्री त्याच खोलीत खाली गाद्या, मोरी एक, ओट्यावर सगळ्यांची भांडी एकत्र, टीव्हीसमोर सगळे. तुझ्यासारखा मुलगा कामावरून येतो, कपडे बादलीत टाकतो, आंघोळ करतो, आई सांगते म्हणून वाफ घेतो, आणि मग आजोबांपासून चार फुटांवर बसून जेवतो. अंगात काही लक्षण नसताना विषाणू द्यायची सोय या आजारात होती, तीच सगळ्यात वाईट गोष्ट. यात "तरुणांना सोडा, म्हाताऱ्यांना जपा" हे कुठे बसवायचं, मधल्या पडद्याला?

मुंबईत जुलै २०२० मध्ये तीन वॉर्डांत, म्हणजे माटुंगा, चेंबूर पश्चिम आणि दहिसरच्या भागात, रक्त तपासून सर्वेक्षण झालं, तर झोपडपट्टीत ५७ टक्के लोकांना आधीच लागण होऊन गेलेली निघाली आणि बाहेरच्या इमारतींमध्ये १६ टक्के. लॉकडाऊन दोघांनाही तोच होता. म्हणजे जागा असेल तर घरात राहून संरक्षण मिळतं, जागा नसेल तर घरच लागणीचं ठिकाण होतं. वयाची चाळणी लावली असती तरी ती त्या ५७ टक्केवाल्या घरात कुणाला कुठे ठेवणार होती? कुटुंबाला वय नसतं रे, पाच महिन्यांपासून ऐंशीपर्यंत सगळं एकत्र असतं.

आणि "तरुणांना काही होत नव्हतं" हे पण जरा तपासून घे. ऑक्टोबर २०२० मध्ये केंद्राच्या आरोग्य खात्याने जे आकडे दिले त्यात मृत्यूंपैकी ५३ टक्के साठीच्या वरचे होते, आणि २०११ च्या जनगणनेत साठीवरचे लोक अवघे ८.६ टक्के, म्हणजे वयाचा मुद्दा खराच. पण त्याच तक्त्यात ४५ ते ६० वयाचे ३५ टक्के होते. हे कोण? रिक्षावाले, दुकानदार, शिक्षक, एसटीचे कंडक्टर, घर चालवणारी माणसं. तुझ्या योजनेत ते कुठल्या बाजूला जातात? साठची रेघ मारली तर ते बाहेर मोकळे, पंचेचाळीसची मारली तर देश चालवायला उरतं कोण. आणि तुझ्या वयाला दहा हजारात एखादा मृत्यू हे खरं असलं तरी सगळे एकाच महिन्यात आजारी पडले तर ऑक्सिजनचा बेड तुझ्या वडिलांना मिळत नाही, हे २०२१ च्या एप्रिलमध्ये आपण सगळ्यांनी पाहिलं.

एवढं बोलून मी तुला असंही म्हणणार नाही की जे झालं ते बरोबर झालं. २४ मार्चच्या रात्री आठला घोषणा आणि बाराला सगळं बंद, ही काही माणसांशी वागायची पद्धत नव्हती. वयाचा उपयोग करायला हवाच होता, मदत कुणाला आधी द्यायची हे ठरवायला. किराणा, औषधं आधी कुणाच्या दारात, ज्यांच्या घरात म्हातारं माणूस आहे त्या नोकरदाराला घरून काम किंवा पगारी रजा, आणि ज्यांच्याकडे वेगळी खोलीच नाही त्यांच्या म्हाताऱ्यांसाठी रिकामी हॉटेलं, मंगल कार्यालयं, तीही त्यांची तयारी असेल तरच. ते महाग पडलं असतं, फुकट होती ती फक्त बंदी.

प्रश्न : ६५ वरच्या कलाकारांना शूटिंगला बंदी होती असं आठवतंय. ती पुढे उठली का? की हळूच विसरले? (मालिका न चुकवणारी आजी, कोल्हापूर)

आजी, विसरले नाहीत, कोर्टात गेले. ३० मे २०२० ला राज्य सरकारने शूटिंग पुन्हा सुरू करायचे नियम काढले त्यात ६५ च्या वरच्या कुणालाही सेटवर यायला मनाई होती, मग तो नट असो, मेकअपवाला असो की स्पॉटबॉय. एका सत्तर वर्षांच्या कलाकाराने मुंबई उच्च न्यायालयात दाद मागितली. कोर्टाचा मुद्दा अगदी घरगुती होता, ६५ वरचा माणूस दुकान उघडून दिवसभर गल्ल्यावर बसू शकतो, त्याला मनाई नाही, मग कॅमेऱ्यासमोर उभं राहायलाच का, आणि या वेगळ्या वागणुकीला अभ्यास कुठला? सरकारकडे पटेल असं उत्तर नव्हतं. ७ ऑगस्ट २०२० ला ती अट रद्द झाली.

मला हा निकाल तेव्हाही पटला आणि आजही पटतो. पोटासाठी काम करणाऱ्या सत्तरीच्या माणसाला "तुमच्याच भल्यासाठी" घरी बसवायचं आणि भाडं कोण भरणार ते सांगायचं नाही, याला काळजी म्हणत नाहीत. ज्येष्ठ कलाकार म्हटलं की आपल्याला दोन-चार मोठी नावं आठवतात, पण मालिकेत देवळातला पुजारी, शेजारचे आजोबा, लग्नातला म्हातारा पाहुणा ही कामं करणारे रोजंदारीवर असतात, काम नाही तर पैसे नाहीत.

पण याची दुसरी बाजूही आहे आणि ती झाकून ठेवणं बरं नाही. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये साताऱ्याकडे एका मराठी मालिकेचं शूटिंग चालू असताना बऱ्याच जणांना लागण झाली, त्यात ज्येष्ठ अभिनेत्री आशालता वाबगावकर होत्या, २२ सप्टेंबरला साताऱ्यातच त्या गेल्या. एकोणऐंशी वर्षांच्या होत्या. त्यानंतर लगेच लोक म्हणायला लागले, बघा, बंदी होती तेच बरं होतं. मला नाही तसं वाटत. बंद जागा, एसी, दहा-बारा तास, मास्क फक्त कॅमेऱ्यामागच्यांना आणि कॅमेऱ्यासमोरच्यांना नाहीच, हा कामाच्या जागेचा धोका आहे. तो कमी करायचा तर म्हाताऱ्यांचे सीन आधी उरकून त्यांना मोकळं करा, तेवढा वेळ सेटवर कमीत कमी माणसं ठेवा, खिडक्या उघडा, वारंवार टेस्ट करा, आणि ज्याला यायचं नाही त्याला न येण्याचेही पैसे द्या. शेवटचं वाचून निर्माते हसतील, ठीक आहे.

प्रश्न : आम्ही लंडनजवळ राहतो. माझ्या सासूबाईंना तेव्हा सरकारकडून पत्र आलं होतं की तुम्ही अतिधोक्यात आहात, बाहेर पडू नका. भारतात असं पत्र कुणाला आल्याचं ऐकलं नाही. तिथली पद्धत बरी होती का?

पत्र आलं म्हणजे त्यांचं नाव यादीत होतं, आणि यादी करता आली कारण प्रत्येकाचं रेकॉर्ड सरकारी डॉक्टरकडे कॉम्प्युटरवर आहे. सुरुवातीला इंग्लंडमध्ये अशी साधारण बावीस लाख माणसं होती, त्यांना किराण्याची खोकी दारात, औषधं घरपोच, सुपरमार्केटच्या डिलिव्हरीत आधी नंबर. ऑगस्ट २०२० मध्ये ते थांबवलं, मग पुन्हा लाट, पुन्हा सूचना. आणि फेब्रुवारी २०२१ मध्ये वय, वजन, वंश, राहतो तो भाग किती गरीब, हे सगळं एकत्र करून हिशोब लावणारं एक साधन वापरलं तर आणखी सतरा लाख माणसं यादीत आली. म्हणजे पहिल्या यादीत नुसते आजार बघितले होते आणि वस्ती बघायची राहिली होती, आणि दक्षिण आशियाई घरांना, म्हणजे तुमच्यासारख्यांना, तिथे जास्त फटका बसतोय हे तोपर्यंत दिसून आलेलं होतं.

तर पद्धत बरी होती ती पत्रामुळे नाही, पत्रामागून येणाऱ्या खोक्यामुळे. दुसरीकडे तुर्कस्तान बघा, २१ मार्च २०२० पासून ६५ वरच्यांना सरळ संचारबंदी, पुढे वीसच्या आतल्यांनाही, आणि १० मेच्या रविवारी म्हाताऱ्यांना पहिल्यांदा चार तासांची सुट्टी मिळाली. ब्वेनोस आयरेस शहराने सत्तरीवरच्यांनी बाहेर पडायच्या आधी फोन करून परवानगी घ्यायची असं काढलं, तिथल्या कोर्टाने ते उडवलं. स्वीडनने सत्तरीवरच्यांना नुसतं भेटीगाठी टाळा सांगितलं होतं, आणि ऑक्टोबर २०२० मध्ये तो वेगळा सल्लाही काढून घेतला कारण एकटेपणाने माणसं खचायला लागली होती. पण त्याच स्वीडनमध्ये वृद्धाश्रमांत विषाणू घुसला आणि फार माणसं गेली, कारण जपणारे कर्मचारी बाहेरून ये-जा करत होते. शेवटी प्रत्येक म्हाताऱ्याला भाकरी देणारा कुणीतरी तरुणच असतो.

प्रश्न : आमच्याकडे आशाताई आल्या, ताप बघितला, बोटाला ते मशीन लावलं, घरात कुणाला शुगर-बीपी ते लिहून घेतलं. त्या वह्यांचं पुढे काय झालं? (विडी कामगार वाचक, सोलापूर)

ती "माझे कुटुंब, माझी जबाबदारी" मोहीम, १५ सप्टेंबर २०२० ला सुरू झाली. ताई, तुम्ही नकळत सगळ्यात कळीचा प्रश्न विचारलाय. आजार बघून मोकळीक द्यायची तर आधी आजार कुणाला आहे ते माहीत पाहिजे, आणि आपल्याकडे खुद्द आजाऱ्यालाच माहीत नसतं. आमचे इंटर्न एका वस्तीत घरोघरी फिरत होते, तिथल्या एका आजींनी सांगितलं, "शुगर तपासलीच नाही तर असंल कशी?" पोरं हसली, पण आपल्या आरोग्य व्यवस्थेवर त्याहून नेमकं कुणी बोललेलं मी ऐकलं नाही.

त्या मोहिमेतून ज्यांना नव्याने शुगर-बीपी कळलं त्यांना फायदा झालाच, सहव्याधी हा शब्द घरोघरी गेला तो तेव्हाच. पण त्या यादीवरून पुढे कुणाला रेशन घरपोच, कुणाला कामातून सवलत असं काही निघालं नाही. मग लस आली. १ मार्च २०२१ पासून साठीवरचे सगळे आणि ४५ ते ५९ मधले फक्त ठरावीक वीस प्रकारचे आजार असलेले, तेही डॉक्टरचं सर्टिफिकेट घेऊन. त्या यादीत नुसतं बीपी चालत नव्हतं, नुसती शुगर पण नाही, शुगर दहा वर्षांपेक्षा जुनी किंवा त्यातून काही बिघाड झालेला असेल आणि वर बीपीची गोळी चालू असेल तर चालेल, अशा अटी. सर्टिफिकेट कोण आणणार, ज्याचा ठरलेला डॉक्टर आहे तो. विड्या वळणाऱ्या बाईला पन्नाशीत दम लागतो, पण तिच्याकडे कागद नाही. महिन्याभरात, १ एप्रिलला, ही भानगडच सोडून ४५ वरच्या सगळ्यांना लस खुली केली, आणि ते शहाणपणाचं झालं. आजाराची यादी कागदावर जास्त न्याय्य दिसते, पण जिथे तपासण्याच होत नाहीत तिथे ती शिकलेल्यांच्या आणि पैसेवाल्यांच्या बाजूने झुकते, त्यापेक्षा वयाची आंधळी रेघ परवडली. पहिल्या उत्तरात मी त्याच रेघेला नावं ठेवली हे मला माहीत आहे, पण तिथे ती अडवायला वापरली होती आणि इथे द्यायला.

प्रश्न : लहान मुलांना सगळ्यात कमी धोका होता तर शाळा सगळ्यात शेवटी का उघडल्या? माझी मुलगी पहिलीत गेली आणि सलग वर्ग बघितला तो थेट तिसरीत. (आई, नाशिक)

याचं पटेल असं उत्तर माझ्याकडे नाही, आणि हा माझ्या मते सगळ्यात मोठा अन्याय. मघाच्याच हिशोबात दहा वर्षांच्या मुलाचा धोका पन्नास हजारात एक मृत्यू इतका खाली येतो. धोका बघूनच मोकळीक द्यायची असती तर पहिल्यांदा शाळा, मग बाकी. आपल्याकडे झालं काय, ५ ऑक्टोबर २०२० ला हॉटेलं आणि बार निम्म्या क्षमतेने उघडले, नववी ते बारावी २३ नोव्हेंबरनंतर जिल्ह्याजिल्ह्याने, पाचवी ते आठवी २७ जानेवारी २०२१ ला, आणि लगेच दुसऱ्या लाटेत सगळं पुन्हा बंद. पहिली ते चौथीचे वर्ग उघडायला १ डिसेंबर २०२१ उजाडला, मुंबईत तर आणखी पुढे, आणि जानेवारीत पुन्हा काही दिवस टाळं.

भीती होती ती पोरांना होईल याची कमी आणि पोरं घरी आजी-आजोबांना आणतील याची जास्त, आणि आधी म्हटलं तसं आपल्या घरात ती भीती खोटी नव्हती. पण मग तोच न्याय बारमधून घरी येणाऱ्या बापाला का नाही? बारला परवाना शुल्क असतं, हॉटेलवाल्यांची संघटना असते, दुसरीतल्या मुलांची नसते. सगळ्या शिक्षकांना अगदी आधी लस देऊन, झाडाखाली, व्हरांड्यात, दिवसाआड निम्मा वर्ग भरवून चालू ठेवता आलं असतं, काही शिक्षकांनी वाड्यावस्त्यांवर, देवळाच्या ओसरीत मुलं बसवून ते स्वतःच्या हिमतीवर केलंही. बाकीच्यांना मोबाईल मिळाला, तोही ज्यांच्या घरात होता त्यांनाच. तुमच्या मुलीचं वाचन-लिहिणं अजून अडखळत असेल तर तिला ढ समजू नका, तिला मिळायचे वर्ग मिळालेलेच नाहीत.

प्रश्न : बदलापूरहून रोज सीएसएमटीला जातो. १५ ऑगस्ट २०२१ ला लोकल सुरू झाली ती फक्त दोन डोसवाल्यांना. मी तेव्हा २५ चा, मला डोसच मिळाला नव्हता. हा कुठला न्याय?

हा उलट्या बाजूने लागलेला वयाचा नियम, फक्त त्यावर वय लिहिलेलं नव्हतं. नुसत्या तारखा लावून बघ. १८ ते ४४ ला लस १ मेपासून म्हणायला खुली झाली, राज्यात साठाच नाही म्हणून त्याच महिन्यात ती थांबवावी लागली, परत सुरू झाली ती जूनच्या तिसऱ्या आठवड्यात. कोविशील्डच्या दोन डोसांत तोपर्यंत ८४ दिवसांचं अंतर केलेलं होतं, म्हणजे दुसरा डोस लवकरात लवकर सप्टेंबरच्या मध्यावर, त्यावर १४ दिवस थांबायचं, म्हणजे क्यूआर कोडचा पास हातात येईपर्यंत सप्टेंबर संपला. ज्यांना आजाराचा धोका सगळ्यात कमी ती पोरं सगळ्यात शेवटी गाडीत चढली, आणि तोपर्यंत रोजचे शे-दोनशे घालून एसटी नाहीतर शेअर टॅक्सीत दाटीवाटीने बसून जात होती, जिथे लागण व्हायला लोकलपेक्षा काही कमी वाव नव्हता.

दोन डोसवाल्यांना आधी, यामागे विचार होता, नाही असं नाही. डोस घेतलेल्याला हॉस्पिटलची पाळी येण्याची शक्यता खूप कमी होते. पण डोस मिळणं ज्याच्या हातातच नाही त्याला दंड कसला? निदान एक डोस झालेल्या तरुणांना सकाळी सातच्या आत आणि दुपारच्या रिकाम्या वेळात चढू द्यायला हवं होतं. फेब्रुवारी २०२१ मध्ये सर्वसामान्यांना वेळा ठरवून लोकल दिली होतीच की, म्हणजे रेल्वेला ते जमत होतं.

प्रश्न : आई आता ७६ ची आहे, अजून मास्क लावून देवळात जाते, बायका हसतात. लावू द्यावा का? (सातारा)

लावू द्या की, तिला बरं वाटतंय आणि गर्दीत उपयोगही आहे. त्यापेक्षा तिला फ्लूची लस दरवर्षी आणि न्यूमोनियाची लस झाली आहे का ते तुमच्या डॉक्टरांना विचारा, बीपी-शुगर वर्षातून दोनदा बघा, आणि घरात कुणाला ताप-खोकला असेल तर त्याने तिच्या खोलीत जायचं नाही, मास्क त्याने लावायचा. हसणाऱ्या बायका तिच्याच वयाच्या असतील तर त्यांनाही लसीचं सांगा.

पुढच्या अंकात पावसाळ्यातले आजार, विशेषतः लेप्टो आणि डेंगी. प्रश्न महिन्याच्या दहा तारखेपर्यंत पाठवा, आणि कृपा करून रिपोर्टचे फोटो पाठवू नका, ते इथे छापता येत नाहीत आणि मला नीट वाचताही येत नाहीत.